धावताना जवळ असावं म्हणून

“गुलाबीच का पण दरवेळी?” माझ्या कोपराला कोपर लागेल इतक्या जवळ उभी असलेली बाई बहिणीच्या कानाशी कुरकुरत होती. “बाई दिसली की काढलं गुलाबी. चौसष्ट वर्षांची आहे मी. दोन नवरे पुरले. वाढदिवसाची टोपी घालून आलेय का मी इथे?” बहीण म्हणाली, “हळू बोल ग्लेंडा, तो ऐकतोय.” “ऐकू दे की. त्याच्यासाठीच तर बोलतेय.” काचेच्या पेटीत काळ्या-करड्या पिस्तुलांच्या रांगेत ते गुलाबी मुठीचं पिस्तूल खरंच अवघडून बसल्यासारखं दिसत होतं, प्रेतयात्रेला चुकून रंगीत कपडे घालून आलेल्या माणसासारखं. मला हसू आलं, आणि हसू आलं याचंच बरं वाटलं, कारण एकोणीस दिवसांत ते आपणहून आलं नव्हतं. माझ्या डाव्या हाताला माझा नवरा, गार्लंड, दोन्ही तळवे काचेवर पसरून उभा होता आणि पलीकडच्या विक्रेत्याला, कर्टिसला, समजावत होता, “हलकं हवं. ही धावते ना. रोज पहाटे सहा मैल, नदीच्या कडेने. एकटी.” एकटी हा शब्द त्याने असा उच्चारला, जणू ती माझी जुनी खोड होती आणि लग्नाच्या वेळी माझ्या वडिलांनी ती त्याच्यापासून लपवली होती.

एकोणीस दिवसांपूर्वी, सोमवारी, मी धावून परत आले ती नेहमीसारखी मागच्या दाराने. बूट पायरीवर काढले. कपाळाला बांधायचा दिवा फाटकापाशीच बंद करून खिशात टाकला होता, शेजारच्या मर्लच्या खिडकीवर उजेड जातो म्हणून. स्वयंपाकघरात शेगडीवरचा छोटा दिवा जळत होता, यंत्रातून कॉफी गळत होती, आणि गार्लंड फ्रिजला पाठ लावून, अनवाणी, पट्ट्यापट्ट्यांच्या पायजम्यात, दोन्ही हातांनी पिस्तूल धरून उभा होता. नळी माझ्या छातीकडे. अलीकडे शर्टाची बटणं लावताना थरथरणारे त्याचे हात तेव्हा अजिबात हलत नव्हते. “कोण तू?” तो म्हणाला. मी म्हटलं, “अरे, मी.” “मी म्हणजे कोण?” “नेडीन.” ते नाव त्याच्या कानात गेलेलं मला दिसलं आणि त्याच्या चेहऱ्यावर काहीही झालं नाही. पत्ता चुकलेलं पत्र पोस्टमनने हातात घेऊन बघावं तसा तो माझ्याकडे बघत राहिला. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. मला आठवतं ते एवढंच, की माझा एक मोजा ओला होता आणि फरशी थंड होती, आणि मला वाटलं, दुसराही काढायला हवा. मग कॉफीचं यंत्र शेवटचं घुरघुरलं आणि त्याची शिटी वाजली. त्या शिटीने तो कुठून तरी परत आला. पिस्तूल खाली गेलं. “तो दिवा माणसाच्या डोळ्यावर मारत आत येतेस तू,” तो म्हणाला. “दिसणार कसं कुणाला?” दिवा माझ्या खिशात होता. मी म्हटलं, “चुकलं माझं.” मग त्याने माझ्यासाठी अंडी केली, मला आवडतात तशी, कडा करपवून, आणि मी ती सगळी खाल्ली.

त्यानंतर तो दिवा आमच्या घरात राहायलाच आला. मुलीला, शेल्बीला, मी फोनवर हसत हसत सांगितलं, की डॅडीने मला चोर समजून आज हात वर करायला लावले असते. डेन्व्हरहून तीही हसली, पण जरा उशिरा, आणि म्हणाली, “मॉम, तो दिवा लावून घरात येत नको जाऊस ना.” मी म्हटलं, “नाही येणार.” “डॅडी झोपतोय ना नीट?” “झोपतो गं.” “दमला असेल.” “हो, दमलाय.” सहासष्ट वर्षांचा, सात वर्षांपूर्वी निवृत्त झालेला, घरी बसलेला माणूस कशाने दमेल हे तिने विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. मर्लला गार्लंडनेच सांगितलं, कुंपणावरून, दिव्यासकट. मर्लने मान डोलावली. गेल्या उन्हाळ्यात गार्लंडने एकाच दुपारी दोनदा गवत कापलं होतं. पहिल्या खेपेला मर्लशी गप्पा मारल्या, वावटळीत त्यांच्या पंपघराचं छप्पर कसं उडालं ती गोष्ट सांगितली. दोन तासांनी पुन्हा यंत्र बाहेर काढलं, उरलंसुरलं गवत कापलं, तीच गोष्ट तशीच सांगितली, आणि मर्ल त्याच जागी तेवढाच हसला. मी खिडकीतून बघत होते. त्या हसण्याबद्दल मी मर्लची जन्मभर आभारी राहीन आणि त्याला कधी माफही करणार नाही, असं मला त्या दिवशी वाटलं. आमच्या तल्सा गावात माणसं सभ्य आहेत. कुणी डोळ्यांसमोर पाण्यात खाली खाली जात असला तरी आम्ही आधी त्याला विचारतो, काय, हवा कशी आहे.

आणि मग त्या सकाळच्या प्रकारातून गार्लंडने एक निष्कर्ष काढला. तो आयुष्यभर तेलवाहिनीच्या पंपघरांवर झडपा तपासत हिंडला. गळती दिसली की तिथे काहीतरी घट्ट करायचं, ही त्याची विचार करायची पद्धत. दिवस वाईट आहेत, बायको अंधारात एकटी धावते, तिच्याकडे काही नाही, तेव्हा तिच्याकडे काहीतरी हवं. जवळजवळ तीन आठवडे तो तेच बोलत होता. न्याहारीला तेच, टीव्हीसमोर तेच. गंमत अशी की तेवढीच एक गोष्ट त्याच्या लक्षात राहत होती. भाजी आणायला गेला की भाजी विसरायचा, पण परत येऊन सांगायचा, “शनिवारी कर्टिसकडे जायचं, तुझं बघायला.” नको म्हणायचं तर नको का, ते सांगावं लागलं असतं. आमच्या घरात आधीच नऊ बंदुका आहेत, सहा कपाटात, एक ट्रकमध्ये, एक त्याच्या उशाशी आणि एक कुठे आहे ते त्याला मार्चपासून आठवत नाही. दहावी आणायला मी गाडीत बसले, पट्टा लावला, आणि रस्ताभर रेडिओ ऐकत आले. वाटेत दोनदा तोंड उघडलं. एकदा म्हटलं, “डावीकडे वळायचं.” दुसऱ्यांदा म्हटलं, “सिग्नल लाल आहे.”

“मॅडम, तुम्ही आत्ता धावताना काय नेता?” कर्टिसने विचारलं. पस्तिशीचा, दाढी नीट कोरलेला, पोटावर दुकानाचा हिरवा एप्रन. मी म्हटलं, “किल्ली. आणि त्या मिरचीच्या फवाऱ्याची बाटली.” “किती जुनी?” “शेल्बी कॉलेजात होती तेव्हाची.” “मग त्यात आता नुसती आठवण असेल,” तो म्हणाला, आणि मला तो आवडला. फक्त मंगळवारी नदीकाठी आम्ही पाच-सहाजणी एकत्र धावतो. धावून झाल्यावर पुलाखालच्या बाकावर बसतो तेव्हा इतर बायका पदार्थांच्या कृती सांगतात तसं आमचं या गोष्टींवर बोलणं होतं. आमच्यातल्या रोंडाचं पिस्तूल पोटावरच्या पट्ट्यात असतं. तिला उन्हाळ्यात पुरळ उठतं आणि पिस्तुलाला घामाने गंज चढतो, म्हणून दोघांनाही ती पावडर लावते. दुसरी एक छातीपाशी ठेवायची, पण पळताना ते हनुवटीवर आपटायचं. “हलकं घे,” सगळ्या सांगतात, “जड असलं की आठवडाभर नेशील आणि मग खणात टाकशील.” गेल्या वसंतात सायकलवरच्या एका माणसाने माझ्याबरोबर अर्धा मैल सायकल हळू चालवली होती. काही बोलला नाही, नुसता बरोबर राहिला. तेव्हाही मी घाबरले होते. पण ते घाबरणं सोपं होतं, त्याला चेहरा नव्हता, नाव नव्हतं, मी त्याला अठ्ठावीस वर्षं कॉफीत साखर घालून दिली नव्हती. पुलापाशी तो वळून गेला आणि ते त्याच्याबरोबर गेलं.

कर्टिसने काचेखालून पहिलं काढलं. आमच्याकडे याची एक रीत आहे आणि ती नमस्कारासारखी पाळतात. देणाऱ्याने नळी कुणाकडेही नसेल अशी धरायची, वरचा सरकता भाग मागे ओढून उघडा अडकवायचा, आत गोळी नाही हे डोळ्यांनी बघायचं, बोट घालून चाचपायचं, समोरच्याला दाखवायचं, मग उघड्या अवस्थेतच काचेवरच्या छोट्या गादीवर ठेवायचं. घेणाऱ्याने पुन्हा सगळं स्वतः बघायचं. आत्ताच दुसऱ्याने बघितलेलं असलं तरी. विश्वास नाही म्हणून कुणी रागवत नाही. उलट न बघणारा अडाणी ठरतो. मी बघितलं, बोट घातलं, मग हातात घेतलं. मोबाइलएवढं. दहा औंस आणि थोडं. “खेळणं वाटतंय,” मी म्हटलं. “तेच त्याचं खोटं आहे, मॅडम,” कर्टिस म्हणाला. “जितकं हलकं तितकं उडताना हाताला जास्त झोंबतं. जड पिस्तूल धक्का स्वतः खातं. हलकं सगळा तुम्हाला देतं.” मी सरकता भाग ओढून बघितला, निम्म्यावर आला आणि अडला. अंगठ्याच्या मुळाशी दुखलं. दातांच्या दवाखान्यात बावीस वर्षं टंकलेखन केल्याचं फळ. पुन्हा ओढला. “जोर आहे हिच्यात,” गार्लंड म्हणाला, “पण सांधे गेलेत.” “सांध्यांबद्दल बोलू नकोस,” मी म्हटलं, “तुझ्या गुडघ्यांचा आवाज मर्लच्या घरी जातो.” कर्टिस हसला, ग्लेंडा हसली, गार्लंडही हसला, आणि त्या क्षणी तो इतका तोच होता, डोळ्यांच्या कडेला त्याच त्या तीन सुरकुत्या, की मला वाटलं, मीच काहीतरी चुकीचं बघितलं असेन. खरंच दिवा लावलेला असेल. खिशात होता तो दुसऱ्याच कुठल्या तरी दिवशी असेल.

पहिल्यांदा माझ्या हातात बंदूक त्यानेच दिली होती. तेव्हा मी सव्वीस वर्षांची आणि एका घटस्फोटातून नुकतीच बाहेर आलेली. त्याच्या वडिलांचं ओकमल्गी गावाबाहेर कुरण होतं. कुंपणाच्या खांबांवर त्याने घेवड्याचे रिकामे डबे मांडले होते. मला वाटलं होतं, आता हा मागे उभा राहील, माझ्या हातांवर हात ठेवील, पुरुष ठेवतात तसे. तो चार पावलं मागे उभा राहिला आणि पूर्ण दुपार मला शिवला नाही. “श्वास घे. निम्मा सोड. मग थांब. आता गोळीची घाई करू नकोस, ती जाईल तेव्हा जाईल.” पाचव्या खेपेला डबा उडाला. मी वळून त्याच्याकडे बघणार, तेवढ्यात तो म्हणाला, “नळी आधी खाली, मग आनंद.” त्याच वाक्याशी मी लग्न केलं, असं मी पुढे लोकांना सांगायची. माझा पहिला नवरा सगळ्या गोष्टी आधी करायचा आणि नळी कुठे आहे ते मग बघायचा. गार्लंडजवळ मला कधी कशाची भीती वाटली नाही. बायका नवऱ्याबद्दल काय काय सांगतात, प्रेमाचं, पैशाचं, देखणेपणाचं. मला एवढंच सांगायचं असायचं, की या माणसाच्या घरात मी भिंतीला पाठ न लावता झोपते.

तीस वर्षं त्याने चर्चच्या हॉलमध्ये शनिवारी मुलांना शिकारीच्या सुरक्षिततेचे वर्ग घेतले. केशरी जाकीट, गळ्यात शिट्टी, समोर दहा-बारा वर्षांची पंचवीस पोरंपोरी. पहिल्या शनिवारी कुणालाच बंदुकीला हात लावू द्यायचा नाही, नुसतं बघा. अर्ध्या गावाने त्याच्याकडून परवान्याचा कागद घेतला आहे. कर्टिसने अकराव्या वर्षी घेतला, दुसऱ्या खेपेला. पहिल्या खेपेला त्याला गार्लंडने घरी पाठवून दिलं होतं, कारण मित्राशी बोलता बोलता त्याने रिकामी बंदूक हातात घेऊन अर्धं वळण घेतलं होतं. नुसतं अर्धं. “सरांनी आईला बोलावून घेतलं होतं,” कर्टिस ग्लेंडाला सांगत होता, “आणि मी गाडीत बसून रडलो. आजही बंदूक उचलली की आधी पोटात गोळा येतो.” “बरं झालं,” गार्लंड म्हणाला, “गोळा आला पाहिजे.” मग विचारलं, “कुणाबद्दल बोलतोयस?” कर्टिस म्हणाला, “एक होता पोरगा, सर.”

“कशासाठी म्हणायचं, मॅडम?” त्याने घाईने माझ्याकडे वळून विचारलं. “मोकाट कुत्रे, की दोन पायांचे?” मी काही बोलायच्या आत गार्लंड म्हणाला, “दोन पायांचा. सहा फूट एक इंच. दोनशे पंधरा पौंड. अंगात जोर असलेला. यातली एक गोळी छातीत बसली तर तो खाली पडेल का?” “अगदी मापच आणलंत, सर. ओळखीचा आहे की काय?” कर्टिस हसत म्हणाला. गार्लंड हसला नाही. “पडेल का ते सांग.” “एक कदाचित नाही. दोन, हो.” “दोन,” गार्लंड म्हणाला आणि बोटाने काचेवर दोनचा आकडा काढला. हल्ली तो असं करतो, लक्षात ठेवायचं ते कशावर तरी काढून ठेवतो, टेबलावर, मांडीवर, हवेत. मला खूप दमल्यासारखं वाटत होतं. धावून येतो ते दमणं नव्हे. त्यात पाय दुखतात आणि डोकं स्वच्छ असतं. पहाटे नदीच्या कडेला पहिले दोन मैल मी काहीच नसते, नुसता श्वास, पलीकडच्या काठावरून तेलाच्या कारखान्याचा तो करपट वास, वाळूच्या बेटावर एका पायावर उभा बगळा. तिसऱ्या मैलाला मी परत नेडीन होते. गेले एकोणीस दिवस तिसऱ्या मैलाला मला परतायचं नसतं. मी वळते ती सवयीने. आणि मागच्या फाटकापाशी आले की मी मोठ्याने गायला लागते, चर्चमधली कसलीतरी ओळ, बेसूर, म्हणजे आत ऐकू जावं कोण येतंय ते. स्वतःच्या घरात मी गात शिरते आणि लोकांना वाटतं, किती आनंदी बाई आहे.

दुसरं पिस्तूल कर्टिसने गार्लंडच्या हातात दिलं, मानाने, जसं गुरुजींना द्यावं. उघडं करून, दाखवून, सगळं रीतीप्रमाणे. गार्लंडने घेतलं. बघितलं नाही. अंगठ्याने सरकता भाग सोडला, तो खाडकन बंद झाला, आणि “हे बघ नेडीन, याची मूठ” असं म्हणत तो माझ्याकडे वळला. नळी कर्टिसच्या हिरव्या एप्रनवरून, ग्लेंडाच्या बहिणीच्या गळ्यावरून, ग्लेंडाच्या पर्सवरून फिरत माझ्या खांद्यावर आली. त्याचं बोट चापावर होतं. त्याने चाप दाबला. टक्. बस, एवढाच आवाज, पेनाचं टोपण लावावं तसा. पिस्तूल रिकामं होतं, हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, आणि आम्हा सगळ्यांचे चेहरे पांढरे झाले होते, कारण रिकामं पिस्तूल या शब्दावर आमच्यापैकी कुणाचाही विश्वास नाही, आणि तो विश्वास आमच्या मनातून याच माणसाने काढून टाकला होता. मी कर्टिसकडे बघितलं. बोल, असं मी मनात म्हणत होते. तूच बोल, तुला अकराव्या वर्षी याने रडवलं होतं, तुझा हक्क आहे. कर्टिसने दोन बोटांनी हळूच नळी जमिनीकडे वळवली, सुईत दोरा ओवावा इतक्या नाजूकपणे, आणि म्हणाला, “या मॉडेलचा चाप जरा हलकाच आहे, सर.” “वाटलंच मला,” गार्लंड म्हणाला. ग्लेंडा त्या गुलाबी पिस्तुलाकडे फार लक्ष देऊन बघायला लागली. “तसं वाईट नाहीये गं,” ती बहिणीला म्हणाली. “रंग काय, मूठ बदलता येते.”

शेवटी गार्लंडनेच निवड केली. पाच गोळ्यांचं छोटं रिव्हॉल्व्हर, अ‍ॅल्युमिनियमचं, घोडा आत झाकलेला, कपड्यात अडकू नये म्हणून. “यात ओढायचं काही नाही,” तो म्हणाला, “अंगठ्याला त्रास नाही. लक्षात ठेवायचं काही नाही. काढायचं, दाबायचं. झोपेतून उठलं तरी जमेल.” तो ते इतकं नीट, इतकं प्रेमाने बोलत होता, की घरासाठी पंखा निवडतोय असं वाटावं. मी चक्राकार भाग उघडून पाचही भोकांतून समोरचा उजेड बघितला. वजन खरंच काही नव्हतं. कमरेला बांधून मी सहा मैल विसरून गेले असते. मग तो पट्टे बघायला मागच्या भिंतीकडे गेला, एक पाय जरा ओढत, आणि कर्टिसने सरकारी अर्ज उघडलेला टॅबलेट माझ्यासमोर सरकवला. नाव, पत्ता, जन्मगाव, उंची. मग तो प्रश्न, की हे हत्यार तुम्ही स्वतःच विकत घेत आहात ना, दुसऱ्या कुणासाठी तर नाही. हो किंवा नाही. माझं बोट वर थांबलं. “मॅडम,” कर्टिस खाली बघत, फडक्याने स्वच्छ काच पुसत म्हणाला, “सर बरे आहेत ना?” त्याच्या आवाजात सगळं होतं. मी एक शब्द बोलले असते तरी पुरला असता, त्याने पुढचं सगळं ओढून घेतलं असतं, त्याचे हात तयार होते. “झोप झाली नाही रे त्याची,” मी म्हणाले. “हो का,” तो म्हणाला. “वसंतातली हवा. माझ्या वडिलांचंही असंच होतं.” आणि आम्ही दोघं एकमेकांपासून सुटलो.

आणि तेव्हा, त्या पडद्यावर बोट धरून, मला एक गोष्ट अगदी शांतपणे कळली, की मी हो दाबणार आहे. मी हो दाबणार, दहावी बंदूक घरी जाणार, रोज पहाटे मी ती कमरेला बांधून नदीवर नेणार आणि गात परत आणणार, आणि एखाद्या सकाळी गाणं पुरणार नाही. हे मला ठाऊक असूनही मी तसंच करणार, कारण त्या माणसाला तीस वर्षं सगळ्या गावाने सर म्हटलं आहे, आणि ते काढून घेणारं पहिलं माणूस मला व्हायचं नाही. एकदा विचारलं तेव्हा डॉक्टर म्हणाले होते, या वयात होतं असं थोडं. शेल्बी म्हणाली, दमला असेल. मर्ल हसला. प्रत्येकाने आपला वाटा उचलून शेजारच्याच्या दारात ठेवला होता, आणि शेवटचं दार माझं होतं, आणि माझ्यापुढे दुसरं दारच नव्हतं.

गार्लंड परत आला. हातात रुंद, जाड, मऊ पट्टा होता, आतून कापडी. धावणाऱ्यांचे पट्टे समोरच्याच खुंटीवर लटकत होते, बोटभर रुंदीचे, जाळीचे. मी म्हटलं, “अरे, हा नाही. हा घामाने भिजेल. धावताना घासेल.”

“धावताना नको बांधूस.”

“मग?”

“घरात बांध. स्वयंपाक करताना. झोपताना. मऊ आहे, बघ ना, हात लावून बघ.” त्याने माझा हात धरून पट्ट्याच्या आत घातला. खरंच मऊ होता. “अंघोळीला जाशील तेव्हा तेवढं दाराला कडी लावत जा.”

कर्टिसचं फडकं थांबलं. ग्लेंडा आणि तिची बहीण ज्या तऱ्हेने स्तब्ध झाल्या, त्यावरून कळत होतं की त्या ऐकताहेत. “गार्लंड,” मी म्हटलं, “घरी जाऊन बोलू.”

“घरी जाईपर्यंत माझ्याजवळ राहणार नाही ते. आत्ता आहे.” तो पट्ट्याकडे बघूनच बोलत होता, सावकाश, उतारावर पाय टेकत टेकत उतरावं तसं. “त्या सकाळी मी तुला ओळखलं नव्हतं, नेडीन. नाव सांगितलंस तरी नाही. कुणी बाई घरात शिरलीय एवढंच मला दिसत होतं. आणि मी ठरवलं होतं, आणखी एक पाऊल टाकलं की मारायचं. तू नाही टाकलंस. का नाही टाकलंस, माहीत नाही.” त्याने श्वास घेतला, निम्मा सोडला. “पुन्हा असं झालं तर मला हाका मारत बसू नकोस. मी तिथे नसतो. तू आपलं दोनदा दाब. हा म्हणतो, दोन लागतात.”

माझा हात अजून त्या पट्ट्यात होता. सहा फूट एक इंच, दोनशे पंधरा पौंड, हे माप त्याचं स्वतःचं होतं. त्याने मला वाचवायची काय युक्ती काढली होती, ते मी बघत होते: तीन आठवडे धरून ठेवलेली, काचेवर, मांडीवर आकडे काढून जपलेली, अख्ख्या दुकानात एकट्या त्याच्याच धैर्याला जमलेली, आणि किती चुकलेली. घरात एक बंदूक जास्त झाली म्हणून दुसरी आणायची, हे आम्हालाच सुचू शकतं. त्याला जे म्हणता आलं नाही ते अजून तसंच उरलं होतं. आता ते माझ्याशिवाय कुणी म्हणणार नव्हतं. मी पट्टा काढून काचेवर ठेवला. रिव्हॉल्व्हर उघडंच कर्टिसकडे सरकवलं. आणि हळू बोलले नाही. ग्लेंडालाही नीट ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

“मला हे नको. घरातल्या सगळ्या बंदुका आज संध्याकाळच्या आत कर्टिसकडे येतील, ती हरवलेली सापडेपर्यंत मी घर उलटंपालटं करीन, आणि यापुढे तुझ्या हातात कुणी बंदूक द्यायची नाही, गार्लंड. तुझं डोकं तुला सोडून चाललंय.”